कक्ष क्रमांक २१४, रंग हिरवा

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या खोलीत
मार्चपासूनच कुलर लागतो.
खसाचा ओला वास, टेबलावर थंड झालेला चहा
आणि पडद्यावर जंगल :
चौकोन चौकोन,
प्रत्येकाला एक ते पाच आकडा.
पाच म्हणजे लाल.
एक म्हणजे तिकडे बघायची गरज नाही.

शक्यता गुणिले नुकसान.
सातवीतल्या पोराला जमेल असं गणित.
शक्यता काढायची जुन्या वणव्यांवरून,
वणवे घ्यायचे उपग्रहाकडून,
उपग्रह जातो दुपारी दीडच्या सुमारास
आणि मग थेट रात्री.
चार वाजता लागून सहाला विझलेली आग
त्याच्या हिशेबी लागलीच नाही.

नुकसानाचा रकाना आणखी अवघड.
सागाचा दर मिळतो, डेपोत लिलाव होतो.
पण जो म्हातारा मोह
सुकवंता वरखडेला सासूकडून आला,
सासूला तिच्या सासूकडून,
त्याचा दर विचारत मी तीन टेबलं फिरलो.
शेवटी एक जण म्हणाला, सरासरी टाक.
टाकली.

२१४ मध्ये तीन वर्षं एकही ठिपका नव्हता.
संगणकानं एक दिला, मी तो तसाच ठेवला.
जाळरेषेचे पैसे आणि दोन फायर वॉचर
पलीकडच्या लाल चौकोनात गेले.
त्या कागदावर माझी सही
नेहमीपेक्षा जरा बरी आली होती.

एप्रिलच्या शेवटी रेवाराम इनवाते आला.
वनरक्षक. बावीस वर्षं एकाच भागात.
भुवया अर्ध्या जळालेल्या,
त्यामुळे चेहरा सतत नवल वाटल्यासारखा.
मी नकाशा दाखवला.
त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
‘साहेब, हे हिरवं काहून हाये?’
तीन वर्षं आग नाही ना तिथे.
‘लागे ना. मी इझवत जाओ.’

कुलरमधलं पाणी संपलं होतं.
नुसताच पंखा घरघरत होता.

मी म्हटलं, तुम्हाला आधी कळतं कसं, ते सांगा.
मी एक रकाना वाढवतो.
तो जरा सावरून बसला.
‘मोह टपकाले लागला का
खालचा पाला जाळतेत, फुलं दिसाले पाह्यजे म्हनून.
सुकवंताबाई जाळते तं गुंडभर पानी घेऊन बसते.
तिचा जावई जाळते तं मोबाईल पाह्यते.
आता सासू येते का जावई येते,
हे तुमच्या मशिनले कसं समजन?’

मी लिहून घेतलं, सासू, जावई, दोन्ही.
मग म्हणालो, पुढच्या वर्षी तुम्हाला माणसं देतो.
देतो म्हणालो खरा,
पण जिल्ह्यात लाल चौकोन चाळीस
आणि माणसं अकरा.
आणि दिली, तर तो पुन्हा वेळेत विझवणार,
पुन्हा ठिपका नाही,
पुन्हा एक, पुन्हा हिरवा.
हे त्याच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं.
‘मंग एखादी लागू द्याची का, साहेब?
ठिपका येईस्तोवर?’
तो हसला.
भुवया नसलेलं हसू नक्की कुठं संपतं ते कळत नाही.

साडेपाचची पारशिवनीची गाडी गाठायची म्हणून तो उठला.
खुर्चीच्या पाठीवर राखेचा एक पट्टा राहिला,
बोटभर रुंद.

मी २१४ उघडला.
‘जावई’ असं टाइप केलं.
खाली लाल अक्षरांत आलं :
इथे फक्त आकडा चालेल.
चार टाकला.
खोडून तीन.
मग तसाच उघडा ठेवून
कुलरमध्ये बादली ओतायला उठलो.
खिडकीबाहेर नागपूर, सव्वाचव्वेचाळीस अंश,
तोही मोजलेला, तोही सरासरी,
आणि रस्त्याच्या कडेला कुणीतरी
झाडलेल्या पानांच्या ढिगाशी
काडी शोधत खिसे चाचपत होतं.